विडियाची कल्हई

 

आज एका शब्दापासून सुरुवात करू. भोसरीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या जुन्या टर्नरला विचारा, पोलाद कशानं कापता? बऱ्याचदा उत्तर येईल, 'विडियानं'. हा शब्द मराठी नाही आणि इंग्रजीही नाही. 'वी डियामांट', म्हणजे 'हिऱ्यासारखं', या दोन जर्मन शब्दांची तोंडं जोडून तो झालाय. आपल्यापैकी जे सध्या ए-वनच्या वर्गात 'डेर, डी, दास' घोकतायत, त्यांच्या आजोबांच्या तोंडी हे जर्मन कदाचित आधीपासूनच असेल.

या विडियाचा जन्म लेथवर झाला नाही, तो झाला विजेच्या दिव्यात. बर्लिनची ओसराम कंपनी बल्बसाठी टंगस्टनची तार बनवायची. टंगस्टनला जर्मन लोक वोल्फ्राम म्हणतात; ओसरामच्या नावातला 'राम' तिथूनच आला, आपला त्याच्याशी काही संबंध नाही. ही केसासारखी तार एका बारीक भोकातून ओढून काढावी लागते, आणि ते भोक हिऱ्यात पाडलेलं असायचं. हिरे महाग, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत तर फारच महाग. म्हणून ओसरामच्या प्रयोगशाळेत कार्ल श्र्योटर यांनी टंगस्टन कार्बाइडची पूड आणि थोडा कोबाल्ट असं मिश्रण दाबून भट्टीत भाजलं. कोबाल्ट वितळून कणांना धरून ठेवतो, चिक्कीतल्या गुळासारखा. १९२३ साली पेटंटचा अर्ज झाला. पुढे एसेनच्या क्रुप कंपनीनं हक्क घेतले, १९२६ पासून 'विडिया' या नावानं माल काढला आणि १९२७ मध्ये तो लायप्झिगच्या व्यापारी जत्रेत मांडला. हायस्पीड स्टीलचं हत्यार मिनिटाला वीस-तीस मीटर वेगानं पोलाद कापायचं, तिथे हा पदार्थ शंभराच्या आसपास जाऊ लागला.

एमबीए केलेल्या माणसाला इथे थांबल्याशिवाय राहवत नाही. १९२८ साली क्रुप आणि अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकनं आपसात बाजार वाटून घेतला. अमेरिकेत जो कार्बाइड पन्नासएक डॉलरला पौंड मिळत होता, तो साडेचारशेच्या वर गेला. पदार्थ तोच, फक्त विकणारा एकच उरला. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं जनरल इलेक्ट्रिकला यासाठी दोषी ठरवलं. त्याच वर्षी न्यूरेंबर्गमध्ये क्रुपच्या मालकालाही शिक्षा झाली, पण तो गुन्हा कितीतरी गंभीर होता. युद्धकाळात या कंपनीच्या कारखान्यांत वेठबिगार आणि छळछावण्यांतले कैदी राबवले गेले होते. एसेनच्या पोलादाचं कौतुक करताना ही गोष्ट सांगायची राहू नये.

आता मूळ अडचणीकडे येऊ. ही अडचण समजली की आजच्या इन्सर्टवर सोनेरी किंवा काळा थर का असतो, हे आपोआप कळतं.

विडिया बिडाचा जॉब झकास कापायचा, पण पोलादावर लवकर हरायचा. पोलाद कापताना जी लांब वळी सुटते, ती लालबुंद तापून धारेच्या मागच्या पृष्ठभागावर घासत जाते. तिथे खड्डा पडतो, आणि तो खोल होत होत धारेपर्यंत आला की धार ढासळते. आपल्याला वाटेल, घासून झिजली. खरं तर तिथे रसायनशास्त्र चालू असतं. इतक्या उष्णतेत टंगस्टन कार्बाइड अक्षरशः त्या पोलादात विरघळतं, चहात साखर विरघळावी तसं.

१९३०च्या दशकात यावर उपाय निघाला. टायटेनियम कार्बाइड पोलादात सहज विरघळत नाही, म्हणून ते पिठातच मिसळायचं. खड्डा पडणं कमी झालं, पण टायटेनियम जितकं जास्त, तितकं हत्यार ठिसूळ. जॉबला मध्येच खाच आली, धारेला धक्का बसला, की तुकडा उडालाच. म्हणजे एका हत्याराकडून दोन विरुद्ध गोष्टी मागितल्या जात होत्या. बाहेरून त्यानं दगड व्हायचं आणि आतून धक्का सोसायचा. तीसेक वर्षं कारखाने या दोहोंच्या मध्ये कुठेतरी तडजोड करत राहिले. कुठल्या जॉबला कुठला ग्रेड, याची तक्ते भरून वर्गवारी झाली ती यातूनच.

उत्तर आपल्या स्वयंपाकघरात टांगलेलं होतं! पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं तर कळकतं, हे आजीला माहीत होतं. म्हणून तिनं पातेलं बदललं नाही, त्याला कल्हई लावून घेतली. ताकद पितळेची, आणि ताकाशी गाठ पडते ती कथलाच्या पातळ थराची. इन्सर्टचं कोटिंग हेच करतं. पिठात मिसळलेलं टायटेनियम बाहेर काढून नुसतं कातडीवर आणलं, आणि अंग पुन्हा चिवट ठेवायला मोकळीक मिळाली.

अर्थात, कापडानं पुसून लागणारी ही कल्हई नव्हे. फ्रँकफर्टच्या मेटलगेझेलशाफ्ट कंपनीत १९५०च्या दशकात वाफेतून टायटेनियम कार्बाइडचा थर जमवण्याची रीत तयार झाली. बंद भट्टीत सुमारे हजार अंश सेल्सियसला इन्सर्टवरून टायटेनियम टेट्राक्लोराइडची वाफ, हायड्रोजन आणि मिथेन सोडायचे. तापलेल्या पृष्ठभागावर त्यांची क्रिया होते आणि कार्बाइडचा थर कणाकणानं वाढतो. थर काही मायक्रॉनचा; आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. क्रुपनं आणि स्वीडनच्या सँडविकनं १९६९च्या सुमारास असे इन्सर्ट बाजारात आणले, आणि तीच धार कितीतरी जास्त जॉब काढू लागली. सुरुवातीला एक खोड होती. थर वाढताना खालच्या अंगातला कार्बन शोषला जायचा आणि सांध्यावर एक ठिसूळ पापुद्रा तयार व्हायचा. भट्टीतल्या वायूंचं प्रमाण अचूक सांभाळून तो आटोक्यात आणावा लागला.

१९७०च्या दशकात त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर आला. माणिक आणि नीलम ज्या पदार्थाचे, तोच हा. तापलेल्या पोलादाशी तो जवळजवळ बोलतच नाही, आणि गरम असताना उष्णताही फारशी आत जाऊ देत नाही. आज पोलाद टर्निंगचा इन्सर्ट फोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर मांडणी साधारण अशी दिसते. खाली घासणं सोसणारा टायटेनियम कार्बोनायट्राइडचा थर, त्यावर हा ऑक्साइड, आणि बऱ्याचदा सगळ्यात वर टायटेनियम नायट्राइडची सोनेरी झिलई. सोनेरी रंगाचा एक साधा उपयोग आहे. कुठला कोपरा वापरून झाला, ते डोळ्यांना लगेच कळतं.

दुसरी वाट निर्वात पेटीतली. तिथे धातूचीच वाफ करून ती पाचेकशे अंशांवर बसवतात. तापमान कमी, थर पातळ, म्हणून धार अणकुचीदार राहते. १९८६ मध्ये लायबोल्ड कंपनीतल्या व्होल्फ-डीटर म्युन्झ यांनी टायटेनियम नायट्राइडमध्ये ॲल्युमिनियम मिसळण्यावर निबंध लिहिला. यातली गंमत मला फार आवडते. कापताना थर तापला की त्यातलं ॲल्युमिनियम हवेतला प्राणवायू घेऊन वरती स्वतःच ऑक्साइडचा पापुद्रा धरतं. कल्हई काम करता करता स्वतःला कल्हई लावते! साधा टायटेनियम नायट्राइड साडेपाचशे अंशांच्या आसपास हवेत खराब व्हायला लागतो. हा आठशेपर्यंत टिकतो.

या सगळ्यात गेलं काय, तेही सांगतो. माझे काका भोसरीत टर्नर होते. त्यांच्या काळी विडियाचा तुकडा पितळेनं दांड्याला जोडलेला असे, आणि धार गेली की ते हिरव्या चाकावर ती पुन्हा लावत. कोन डोळ्यानं, दाब अंगठ्यानं. त्यांच्या हातची धार मागायला शेजारच्या शेडमधून लोक येत. कोटिंगचा इन्सर्ट मात्र चाकावर धरला की थरच निघून जातो. म्हणून तो स्क्रूनं बसवायचा, कोपरे फिरवून संपवायचे आणि काढून टाकायचा. कल्हईवाल्याला निदान पुन्हा बोलावता यायचं. अंगठ्यातली ती विद्या भट्टीच्या नियंत्रण पडद्यावर गेली, आणि माझ्यासारख्या माणसाला त्या पडद्यामागच्या सॉफ्टवेअरचं काम मिळालं. काकांना मी हे एकदा सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माझी नोकरी तुझ्याकडेच आली की!" हसले, पण पूर्ण नाही.

काढून टाकलेले इन्सर्ट कचऱ्यात जात नाहीत. जगातलं बहुतांश टंगस्टन चीनमधून निघतं, आणि युरोपीय संघानं ते निकडीच्या कच्च्या मालाच्या यादीत घातलंय. जर्मनीला ही चणचण नवी नाही. १९४४च्या जूनमध्ये पोर्तुगालनं टंगस्टनच्या खनिजाची निर्यात बंद केली, तेव्हा रणगाडे फोडणारे गोळे करायचे की कारखान्यांची हत्यारं, अशी ओढाताण इथे आधीच चालू होती. आज वापरलेले इन्सर्ट डब्यात साठवतात आणि किलोवर विकतात. पुढे वितळलेल्या जस्तात ते भिजवले की जस्त कोबाल्टमध्ये शिरतं, तुकडा फुगतो आणि भुसभुशीत होतो. मग जस्त उडवून लावायचं, आणि हाती राहते टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्टची पूड, पुन्हा दाबून भट्टीत घालायला तयार.