रॅमच्या खाचेची कुळकथा

रॅमच्या पट्टीवर सोनेरी टोकांच्या रांगेत एक छोटी खाच असते. ती बरोबर मध्यावर नसते, म्हणून पट्टी उलटी बसत नाही. कोणत्या पिढीची रॅम कोणत्या मदरबोर्डवर चालेल, याचा पहिला निवाडाही तीच करते.

१९८१च्या आयबीएम पीसीत पट्टीच नव्हती, तर खाच कुठून असणार? बोर्डावर सुट्या चिप्सच्या चार ओळी असत, प्रत्येक ओळीत नऊ: आठ माहितीसाठी, नववी चूक पकडायला. पहिली ओळ सोल्डर केलेली. पुढच्या ओळी भरायच्या तर एकेका चिपचे सोळा पाय सॉकेटात नीट बसवावे लागत. एखादा पाय दुमडला की शोधाशोध. त्यात यंत्र तापून निवताना चिप्स हळूहळू सॉकेटातून वर सरकत. मग झाकण उघडून अंगठ्याने दाबायच्या.

अमेरिकेतल्या वांग लॅबोरेटरीजच्या जेम्स क्लेटन यांनी १९८३मध्ये नऊ चिप्स एका पट्टीवर आणल्या. ही ‘सिम’, मोबाइलमधल्या सिमशी तिचं काही नातं नाही. आधी ३० टोकांची, मग ७२ टोकांची. पेन्टियम एका वेळी ६४ बिट उचलायचा आणि ७२ टोकांची सिम ३२च द्यायची, त्यामुळे रॅम जोडीनेच घ्यावी लागे.

ती कटकट १६८ टोकांच्या ‘डिम’ने मिटवली. तिला दोन खाचा होत्या: एक व्होल्टेजची, दुसरी पट्टीवर बफर आहे की नाही याची. २०००मध्ये जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेने डीडीआरचं मानक काढलं आणि खाच एकच उरली. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्ही २४० टोकांच्या, लांबीही तीच. पण एकीला १.८ व्होल्ट लागतात, दुसरीला १.५. नुसत्या नजरेने फसायला होतं. म्हणून खाच काही मिलिमीटर सरकवली. २८८ टोकांच्या डीडीआर४ आणि डीडीआर५मध्येही तेच केलं.

खाचेच्या जोडीला पट्टीवर एसपीडी नावाची चिमुकली चिप असते. तिच्या तिसऱ्या बाइटमध्ये रॅमचा प्रकार लिहिलेला असतो: डीडीआर३ला ०बी, डीडीआर४ला ०सी, डीडीआर५ला १२. संगणक सुरू होताच बायोस ती वाचतो. सीपीयू-झेडसारख्या प्रोग्रॅममध्ये झाकण न उघडता प्रकार आणि वेग दिसतो तो हिच्याच जोरावर.

तरीही पट्टी बसली म्हणजे चालली असं नाही. डीडीआर३ आणि कमी व्होल्टेजची डीडीआर३एल यांची खाच एकाच जागी, आणि पुढच्या अनेक लॅपटॉपना १.३५ व्होल्टवालीच लागे. अशा वेळी लेबल वाचावं. ‘पीसी३एल-१२८००एस’ यातला ‘एल’ कमी व्होल्टेजचा, १२८०० म्हणजे सेकंदाला इतके मेगाबाइट, आणि शेवटचा ‘एस’ लॅपटॉपच्या आखूड पट्टीचा. स्वस्तात मिळालेली सर्व्हरची रजिस्टर्ड डीडीआर४ पट्टी घरच्या संगणकात अगदी खटकन बसते. स्क्रीन मात्र काळीच राहते.

डीडीआर५मध्ये व्होल्टेज सांभाळणारं सर्किट मदरबोर्डवरून पट्टीवर आलं. सर्व्हरच्या पट्टीला बोर्डाकडून १२ व्होल्ट मिळतात, घरगुतीला ५. इथे चूक महागात पडली असती, म्हणून या दोघींच्या खाचा पुन्हा वेगळ्या केल्या.