सुटणे, सोडणे, सोडविणे : मद्यमुक्तीच्या इहवादी परंपरेचा इतिहास

मद्यासक्त माणूस त्या आसक्तीतून बाहेर पडला म्हणजे मराठीत ती घटना तीन प्रकारांनी सांगता येते. ‘त्याची दारू सुटली’, ‘त्याने दारू सोडली’ आणि ‘त्याला दारू सोडवली’. धातू एकच; परंतु पहिल्या वाक्यात कर्ता अनुक्त राहतो, दुसऱ्यात तो स्वतः मद्यपी असतो आणि तिसऱ्यात अन्य कोणी. मद्यमुक्तीचे श्रेय कोणाकडे द्यावयाचे, या प्रश्नाची तीन उत्तरे या तीन रूपांत सामावलेली आहेत. अमेरिकेत मद्यासक्तांनी परस्परांच्या आधारासाठी जी मंडळे स्थापिली, त्यांचा इतिहास पाहू लागल्यास हाच प्रश्न तेथे पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो. हा इतिहास सामान्यतः ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेपासून सांगितला जातो, आणि ईश्वराचे नाव न घेता चाललेली मंडळे म्हणजे तिच्यातून फुटलेली शाखा होय, असे गृहीत धरले जाते. ही मांडणी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

इ. स. १८४०च्या एप्रिल महिन्यात बाल्टिमोर शहरातील एका मद्यगृहात नित्य बसणाऱ्या सहा जणांनी दारू सोडण्याची शपथ घेतली. शिंपी, सुतार, लोहार अशा कष्टाच्या व्यवसायांतील ही माणसे होती. जॉर्ज वॉशिंग्टनच्या नावावरून त्यांनी आपल्या मंडळास ‘वॉशिंग्टोनियन’ हे नाव दिले. त्यांच्या सभेत प्रवचन नसे. एकाने उठावे, दारूने आपले काय झाले व ती आपण कशी सोडली ते सांगावे, मग दुसऱ्याने उठावे, एवढीच रीत. हे मंडळ धर्मापासून दूर राहते, म्हणून काही धर्मनिष्ठ मद्यनिषेधकांनी त्यावर टीकाही केली. उलट, २२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्ड येथील भाषणात अब्राहम लिंकन यांनी या मंडळींचा गौरव केला. पूर्वीचे उपदेशक, वकील व पगारी प्रचारक यांना मद्यपींविषयी आपुलकी नव्हती, म्हणून त्यांचा उपदेश व्यर्थ गेला, असे त्यांच्या विवेचनाचे सार होते. आमच्या परिभाषेत सांगावयाचे तर ‘सोडविणाऱ्यां’कडून ‘सोडणाऱ्यां’कडे कर्तृत्व आले ते येथे.

तथापि ही चळवळ दहा वर्षेही नीट टिकली नाही. संघटनेची घडी बसली नव्हती, आणि दारूबंदीच्या राजकीय वादाने मूळ कार्यावरील लक्ष उडाले. तिची स्मृती पुसट झाली असताना, १९३५च्या जूनमध्ये ओहायो राज्यातील ॲक्रन येथे रोखे-व्यवहारातील बिल विल्सन व शल्यवैद्य रॉबर्ट स्मिथ यांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा उगम झाला. दोघेही मद्यासक्त होते, आणि दोघांचाही ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती पंथाशी संबंध होता. पापाची कबुली, शरणागती, नुकसानाची भरपाई या कल्पना तेथूनच नव्या संघटनेत आल्या.

संघटनेचा मूलग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील बारा पायऱ्यांचा मसुदा होत असताना जो वाद झाला, तो भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखा आहे. सभासदांत जिम बर्वेल यांच्यासारखे ईश्वर न मानणारेही होते. त्यांच्या आग्रहामुळे गुडघे टेकण्याचा उल्लेख गाळण्यात आला, आणि ईश्वराच्या नामापुढे ‘ज्याला जसा उमगेल तसा’ अशा आशयाचे एक गौणवाक्य जोडण्यात आले. नाम कायम राहिले. त्याचा अर्थ मात्र प्रत्येकावर सोपविण्यात आला. या तडजोडीने पुष्कळांना दार मोकळे झाले. परंतु ज्यांना ते नामच उच्चारता येत नव्हते, त्यांची अडचण गौणवाक्याने दूर होण्यासारखी नव्हती. पहिल्या पायरीत आपण दारूपुढे हतबल असल्याची कबुली आहे, आणि पुढील पायऱ्यांत आपल्याहून थोर शक्तीचा आधार आहे. ही भूमिका ‘सुटणे’ या अकर्मक क्रियापदाची होय.

१९७५ साली या भूमिकेला दोन दिशांनी उत्तर मिळाले. शिकागो येथे निरीश्वरवादी व अज्ञेयवादी सभासदांनी ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्याच अंतर्गत आपला स्वतंत्र गट सुरू केला. ‘दारू सोडण्याची इच्छा’ हीच काय ती सभासदत्वाची अट, असे संघटनेच्या परंपरेतच असल्यामुळे त्यास जागा होती. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातील समाजशास्त्रज्ञ जीन कर्कपॅट्रिक यांनी स्त्रियांसाठी ‘विमेन फॉर सोब्रायटी’ हे वेगळे मंडळ काढले. अगोदरच अवमानित झालेल्या स्त्रीकडून आणखी हतबलतेची कबुली घेण्याने तिचे हित होत नाही. तिला स्वतःच्या सामर्थ्याचा प्रत्यय आला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. हे मंडळ सर्वथा इहवादी म्हणता येणार नाही, कारण आत्मिक विकासाची भाषा त्यातही आहे. परंतु कर्तृत्व त्याने सभासद स्त्रीकडे आणले. पुढे १९८५ साली जेम्स क्रिस्टोफर यांनी अंधश्रद्धेविना संयम हा विचार लेखरूपाने मांडला, आणि त्यातून ‘सेक्युलर ऑर्गनायझेशन्स फॉर सोब्रायटी’ उभी राहिली. ‘स्मार्ट रिकव्हरी’ हे नाव धारण करणारी संघटना १९९४ पासून आहे. ती आल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा आधार घेते.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. न्यूयॉर्क राज्यातील एका निरीश्वरवादी कैद्यास, बारा पायऱ्यांवर आधारलेल्या कार्यक्रमास उपस्थित राहिल्यावाचून कुटुंबीयांच्या विशेष सहवासाची सवलत मिळेना. इहवादी पर्याय न देता अशी अट घालणे घटनाविरोधी होय, असा निर्णय त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायासनाने १९९६ साली दिला. टोरांटो येथे २०११ साली, पायऱ्यांतील ईश्वरवाचक शब्द काढल्याबद्दल, दोन अज्ञेयवादी गटांची नावे स्थानिक सभासूचीतून वगळण्यात आली. प्रकरण मानवी हक्क न्यायाधिकरणापर्यंत जाऊन २०१७ साली ती नावे पुन्हा दाखल झाली. सूचीत नाव नसणे याचा अर्थ, मदत शोधणाऱ्या माणसाला सभेचा पत्ताच न मिळणे, असा होतो. एका नामाची किंमत ती एवढी.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. इहवादी मंडळांची बाजू मांडताना बारा पायऱ्यांना निष्फळ ठरविण्याचे कारण नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत २७ अभ्यास व १०,५६५ व्यक्ती यांचा विचार झाला असून, संपूर्ण मद्यवर्ज्य राहण्याच्या बाबतीत ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ व तिच्याशी जोडून देणारे पद्धतशीर उपचार अन्य प्रस्थापित उपचारांहून सरस आढळले. दुसरीकडे, ६४७ व्यक्तींवरील २०१८च्या एका अमेरिकन अभ्यासात, मंडळात मनःपूर्वक सहभागी होण्याचा लाभ बारा पायऱ्यांच्या व अन्य मंडळांत तुल्य दिसून आला. मात्र सभासदांनी मंडळ स्वतः निवडलेले असल्याने हा निष्कर्ष मर्यादेतच घ्यावा. दोन्ही एकत्र वाचल्यास एवढे म्हणावयास हरकत नाही की, श्रद्धा बदलली तरी जे कायम राहते त्या सहवासाचा या परिणामात मोठा वाटा असला पाहिजे.

महाराष्ट्रात १९८६ साली पुण्यास डॉ. अनिता अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथेही व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे नवागतांची समुपदेशक झाली. आपण रूढ केलेल्या ‘व्यसनमुक्ती’ या शब्दातील ‘मुक्ती’ मोक्षविचारातून आली आहे. तरी आज तो शब्द उच्चारताना आस्तिक व नास्तिक दोघांनाही संकोच वाटत नाही. अमेरिकेत जे एका नामाला साधले नाही, ते मराठीत या शब्दाला साधले आहे.

आरंभीच्या तीन वाक्यांत आता चौथे घातले पाहिजे : ‘आम्ही दारू सोडली’. १८४० साली बाल्टिमोरच्या त्या मद्यगृहात हेच वाक्य जन्मास आले. त्यातील क्रियापदावर पुढे वाद झाले. सर्वनाम मात्र कोणत्याच मंडळाला बदलावेसे वाटले नाही.