तांबूस सेंट आणि खिशातलं लोहचुंबक

आजची गोष्ट सुट्ट्या पैशांतल्या एका नाण्याची.

साल 1947, अमेरिकेतलं पिट्सफील्ड. 16 वर्षांच्या डॉन ल्युट्सला शाळेच्या उपाहारगृहात परत मिळालेल्या चिल्लरमध्ये एक तांबूस सेंट दिसला. त्यात काय विशेष? तर त्यावर साल होतं 1943.

त्या वर्षी युद्धासाठी तांबं हवं होतं. म्हणून टांकसाळींनी सेंट पोलादाचे पाडले, वर जस्ताचा मुलामा. आपल्याकडेही त्याच वर्षी भोकाचा पैसा आला, तोसुद्धा धातू वाचवायलाच. अमेरिकेत असे पांढरट सेंट शंभर कोटींहून जास्त निघाले. पत्र्याला आधी मुलामा द्यायचा आणि मग चकत्या कापायच्या, त्यामुळे कडा उघड्या राहून गंजायच्या.

मग हा तांबूस कुठून आला? आदल्या वर्षीच्या ब्राँझच्या काही चकत्या टांकसाळीत अडकून राहिल्या आणि पोलादाच्या चकत्यांबरोबर छापल्या गेल्या, असं मानतात. असे सेंट मोजकेच.

अफवा उठली की असा सेंट देणाऱ्याला हेन्री फोर्ड नवी गाडी देणार. ती खोटीच होती. पण लोकांनी काय केलं, पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा चढवला! डॉनने सरकारी खजिन्याकडे विचारलं, तर उत्तर आलं, 1943 चे सगळे सेंट पोलादीच आहेत. तरी त्याने नाणं जपलं.

आता ओळखायचं कसं? लोहचुंबक लावा. चिकटलं, तर आत पोलाद, वर मुलामा. नाही चिकटलं, तरी लगेच नाचू नका. 1948 मधला 8 कोरून 3 करणारेही होऊन गेले. वजन बघा: पोलादी 2.7 ग्रॅम, ब्राँझ 3.11. मग 3 चं शेपूट बघा, खऱ्यात ते चांगलं खाली उतरतं. आणि घासूनपुसून चकचकीत करू नका हं, किंमत जाते.

डॉन 2018 मध्ये वारला. पुढच्या जानेवारीत त्याचा सेंट लिलावात 2 लाख 4 हजार डॉलरला गेला. रंग फसवतो, कधी सरकारी कागदही चुकतो. तराजू आणि लोहचुंबक मात्र कुणाची भीड ठेवत नाहीत.