काला, मिसळ, खिचडी : सरमिसळवाचक शब्द

एकत्र कालवलेल्या जिनसांना मराठीत मिळालेली बहुतेक नावे स्वयंपाकघरातली आहेत. ‘मिसळ’ संस्कृत ‘मिश्र’पासून आली, ‘सरमिसळ’ हा तिचाच विस्तार. ‘खिचडी’चे मूळ संस्कृत ‘खिच्चा’शी जोडतात. चौदाव्या शतकात इब्न बतूताने तांदूळ-मुगाच्या या पदार्थाची नोंद केली. इंग्रजांनी तो ‘केजरी’ नावाने नेला. तिकडे त्यात मासे आणि अंडी पडली. बहुपक्षीय सत्तेला आपण ‘खिचडी सरकार’ म्हणतो तसेच ‘कडबोळे’ही म्हणतो, कडबोळ्यांची भाजणी अनेक धान्यांची असते.

यांत सर्वांत जिव्हाळ्याचा शब्द ‘काला’. तो ‘कालवणे’ या क्रियापदाच्या कुळातला. भातात कालवायचे ते ‘कालवण’. पोहे, लाह्या, दही, काकडी, मिरची, लोणच्याचा खार हाताने कालवला की दही बोटांवरून ओघळते आणि कुठला घास कुणाचा हे उरत नाही. गोपाळांनी शिदोऱ्या एकत्र केल्याच्या कथेचा हाच गाभा आहे. म्हणून वारकरी सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. ‘भेसळ’ मात्र फसवणुकीची; तिथे मिसळलेले लपवलेले असते.