गिरणगावची सोशल सर्व्हिस लीग

मुंबईत लोअर परळ स्टेशनातून बाहेर पडलात, की जो लांबलचक रस्ता लागतो त्याचे नाव ना. म. जोशी मार्ग. जुनी माणसे अजून त्याला डिलाईल रोडच म्हणतात. या रस्त्याने रोज हजारो माणसे जातात येतात. त्यांतल्या एखाद्याला थांबवून ‘हे जोशी कोण हो?’ असे विचारले, तर फार झाले तर ‘कामगार पुढारी होते’ एवढे उत्तर मिळेल. उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. नारायण मल्हार जोशी कामगार पुढारी झाले ते मागाहून. आधी ते एका संस्थेचे चिटणीस होते. ती संस्था रात्रशाळा चालवीत असे, वाचनालये उघडीत असे, कर्जात बुडालेल्या माणसाला वाट दाखवीत असे आणि पोरांसाठी आखाडे व मंडळे काढीत असे. तिचे नाव सोशल सर्व्हिस लीग. शहरातल्या गरीब माणसाला काम, घर आणि मुलाबाळांचे भवितव्य या तिन्ही बाबतींत हात देणाऱ्या संस्था आज गावोगावी दिसतात. त्यांची आपल्याकडची वडीलधारी संस्था पाहायची असेल, तर परळकडेच वळावे लागते.

या संस्थेची गरज का पडली, ते आधी पाहू. मुंबईतली पहिली कापडगिरणी 1856 साली ताडदेवला सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी हा सारा भाग धुराड्यांनी भरून गेला. कोकणातून, घाटावरून माणसे आली. गिरण्या वाढल्या त्या मानाने घरे वाढली नाहीत. 1896 साली शहरात प्लेग शिरला, तेव्हा सरकारला प्रथम जाग आली. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, काही चाळीही बांधल्या. पण पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या खोल्या थोड्या. एका ठिकाणाहून उठवलेला माणूस शेजारच्या चाळीत जाऊन आणखी दाटी करी, एवढाच काय तो फरक. 1911 च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती पावणेदहा लाखांच्या आसपास भरली, आणि त्यांतल्या दर तीन माणसांपैकी किमान दोन माणसे एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती.

नेमक्या याच साली, 1911 मध्ये, सोशल सर्व्हिस लीग निघाली. जोशी मूळचे कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. 1879 साली जन्मलेले. पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे शिक्षकी केली, आणि 1909 मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. हा समाज 1905 सालचा. देशसेवा ही फावल्या वेळची हौस नसून ते जन्मभराचे काम आहे, अशी त्याची दीक्षा. जोशींनी ती दीक्षा घेतली आणि कामासाठी गिरणगाव निवडले. लीगच्या अध्यक्षस्थानी सर नारायण चंदावरकरांसारखा प्रार्थना समाजातला वजनदार माणूस होता.

येथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. गिरणी कामगारांकडे लक्ष देणारी ही काही पहिली संस्था नव्हे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1880 नंतरच्या दशकातच गिरणी कामगारांची सभा काढली होती. त्यांच्या खटपटीमुळे 1890 साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढे सीताराम केशव बोले यांच्या पुढाकाराने कामगार हितवर्धक सभा निघाली. ही मंडळी कामगारांच्या वस्तीतूनच वर आलेली. लीगची माणसे बहुतेक पांढरपेशी. हा भेद मनात असू द्या, पुढे तो कामी येईल.

लीगने केले काय? रात्रशाळा काढल्या. फिरती वाचनालये सुरू केली. दवाखाने चालवले. गरिबांना कायद्याचा सल्ला देण्याची सोय केली. पोलीस कोर्टात उभ्या राहणाऱ्या अडाणी माणसाच्या बाजूने कोणी विचारपूस करणारा असावा, म्हणून तेथे आपला माणूस ठेवला. मुलांसाठी मंडळे आणि बालवीरांची पथके काढली. व्यायामशाळा उघडल्या, चाळीतल्या लोकांच्या सहली नेल्या, नाटके करविली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सहकारी पतपेढ्या उभारल्या. अशा मंडळ्यांची संख्या पुढे शंभरावर गेली.

पतपेढी महत्त्वाची का? गिरणीत शिरायचे तर जॉबरचा हात ओला करावा लागे. पगार महिन्यानंतर आणि तोही बरेच दिवस अडकवून मिळे. तोवर खायचे काय? वाण्याकडे उधारी, खानावळवाल्या बाईकडे उधारी, आणि अडीअडचणीला पठाणाचे व्याज. म्हणजे नोकरी लागण्याआधीच माणूस कर्जबाजारी! अशा माणसाला नुसते ‘काटकसर कर, दारू सोड’ म्हणून काय उपयोग? लीगने पतपेढी काढली ती या व्याजाच्या साखळीवर घाव घालण्यासाठी. उपदेशाच्या जागी एक चालती सोय उभी केली, हे तिचे मोठेपण.

पण रात्रशाळेचे काय झाले पाहा. 1911 च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरणीतल्या प्रौढ पुरुषाचा कामाचा दिवस बारा तासांचा ठरवला, आणि हीसुद्धा त्या काळी सुधारणाच म्हणायची! बारा तास साच्यापुढे उभा राहिलेला माणूस घरी येऊन चार घास खाईल, की पाटी घेऊन दिव्याखाली बसेल? मास्तर चांगले होते, पुस्तके होती, जागाही होती. नव्हती ती कामगाराची संध्याकाळ. रात्रशाळा भरवायची तर आधी गिरणी लवकर सुटली पाहिजे. आणि गिरणी लवकर सुटायची तर कायदा बदलला पाहिजे. कायदा बदलायचा तर कामगारांची संघटना पाहिजे.

जोशींचा पुढचा प्रवास याच पायऱ्यांनी झालेला दिसतो. 1919 साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते गेले. 1920 मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस मुंबईत स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. 1921 पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या वतीने बोलणारा आवाज त्यांचा. कामगार संघांना कायद्याने मान्यता द्यावी, असा ठराव त्यांनी त्याच वर्षी मांडला. तो कायदा 1926 साली झाला. 1922 मध्ये कामाचा आठवडा साठ तासांवर आला. 1924 मध्ये त्यांनी बाळंतपणाच्या रजेचे आणि भत्त्याचे बिल आणले. दिल्लीने ते फेटाळले, पण मुंबई इलाख्यात तसा कायदा 1929 साली झालाच. 1926 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांचे जे मोठे युनियन निघाले, त्याचे अध्यक्षही जोशीच.

या साऱ्याला दुसरी बाजूही होती. टाटा आणि करीमभाई यांच्या गिरण्यांतील कामगारांसाठी जी कल्याणकेंद्रे निघाली, ती चालवायला लीगकडे आली. पैसा मालकांचा, काम लीगचे. तेव्हा जहाल कार्यकर्ते म्हणत, की मालकाच्या पैशाने वाचनालय चालवणारा माणूस उद्या संपात कोणाच्या बाजूने उभा राहणार? आक्षेप अगदीच गैरवाजवी नव्हता. 1928 च्या मोठ्या संपानंतर गिरणी कामगारांचा ओढा लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनकडे गेला आणि जोशींचे मवाळ युनियन मागे पडले. दान देणाऱ्याचा हात आणि मदत घेणाऱ्याचा हक्क यांत चालणाऱ्या संस्थेला ही तारेवरची कसरत चुकत नाही. जोशींनी ती सरळपणे केली, असे म्हणता येईल. कामगारांसाठी कायदे मागताना त्यांनी मालकांची भीड धरली नाही.

आता मघाशी सांगितलेला तो भेद. लीगने परळला दामोदर हॉल बांधले ते 1922 साली. 9 मार्च 1924 रोजी याच दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक सभा बोलावली, आणि तीतून बहिष्कृत हितकारिणी सभा जन्माला आली. बाबासाहेब तेव्हा जवळच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत होते. बॅरिस्टर होऊन आलेला माणूस चाळीतल्या दोन खोल्यांत! या सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, मुंबईत वाचनालय काढले आणि तरुणांसाठी हॉकीचा क्लबसुद्धा काढला. कामांची यादी पाहिली तर ती लीगच्या यादीसारखीच वाटते. शाळा, वाचनालय, तरुणांचे खेळ. मग वेगळी संस्था कशाला?

याचे उत्तर गिरणीत सापडते. साचेखात्यात मजुरी बरी मिळे, पण अस्पृश्यांना तेथे मज्जाव होता. तुटलेला धागा विणकर तोंडाने ओढून घेत, म्हणून विटाळाची सबब पुढे केली जाई. आता सांगा, ज्या खात्याचे दारच बंद, त्या खात्याचे शिक्षण रात्रशाळेत घेऊन काय करायचे? कौशल्य शिकवणे आणि ते वापरायला जागा मिळवून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट दुसऱ्याच्या दयेवर सोडता येत नाही, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. 1928 च्या संपात त्यांनी साचेखात्याचे हे दार उघडण्याची मागणी लावून धरली, ती याच जाणिवेने.

घरांची गोष्टही अशीच बोधप्रद आहे. 1920 साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट खाते निघाले. कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवून कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. प्रत्यक्षात सोळा हजारांच्या आसपास झाल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड मिळून 207 चाळी. खोली 160 चौरस फुटांची. पण गंमत अशी, की शहरात घरांची एवढी टंचाई असून यांतल्या कितीतरी खोल्या पहिली काही वर्षे रिकाम्या पडून होत्या! भाडे परवडेना, काँक्रीटच्या त्या खोल्यांत उजेड-वारा नाही, सोयी अपुऱ्या. ज्यांनी राहायचे त्यांना कोणी विचारलेच नव्हते. घर बांधणारे खाते होते, पण भाडेकरू आणि खाते यांच्यामध्ये बसून दोघांचे ऐकणारा कोणी नव्हता.

असे मध्ये बसणे हीदेखील एक विद्या आहे, हे मुंबईला शिकवण्यात नागपाड्याच्या नेबरहूड हाउसचा वाटा मोठा. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट 1925 साली मुंबईला आले. शिकागोत जेन अ‍ॅडम्सबाईंनी 1889 साली हल हाउस काढून, कार्यकर्त्याने वस्तीतच राहून शेजारधर्माने काम करावे, असा पायंडा पाडला होता. मॅन्शार्ट त्या शिकागोत शिकलेले. त्यांनी नागपाड्यात तसेच केंद्र चालवले, आणि 1936 साली त्याच जागी टाटांच्या विश्वस्त निधीतून समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. नागपाड्याची पोरे आजही बास्केटबॉलसाठी नावाजलेली आहेत, हे त्या वस्तीचे आणखी एक वैशिष्ट्य.

जोशी 1955 साली निवर्तले. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा शेवटचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार त्यात उतरले, आणि त्यानंतर गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. धुराड्यांच्या जागी मनोरे आले. दामोदर हॉल 2023 च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा कामगार रंगभूमीचे हे घर राहणार की जाणार, म्हणून नाट्यकर्मींनी आवाज उठवला. डेव्हलपमेंट खात्याच्या चाळीही आता पाडल्या जात आहेत. 160 फुटांच्या खोलीऐवजी 500 फुटांचे घर मिळायचे आहे, आणि वरळीतल्या पहिल्या काही कुटुंबांना 2025 मध्ये किल्ल्या मिळाल्यासुद्धा.

आनंदाचीच गोष्ट. पण जरा विचार करा. आजोबांच्या नावची भाडेपावती, चार भावांचे हिस्से, वारसाचा दाखला, करारनाम्याची चाळीस पाने, चाळिसाव्या मजल्याच्या लिफ्टचा मासिक खर्च. हे सारे त्या म्हाताऱ्या बाईला समजावून कोण सांगणार? गिरणीत गेलेल्या बापाच्या मुलाला आज कोणते काम शिकवायचे, आणि शिकल्यावर त्याला दार कोण उघडणार? 1911 चे प्रश्न कपडे बदलून पुन्हा दारात उभे आहेत.

म्हणून तुमच्या गावात, तुमच्या पेठेत अशी एखादी संस्था असेल, तर तिला वर्गणी जरूर द्या, आठवड्यातले दोन तासही द्या. पण त्याबरोबर तिला तीन प्रश्न विचारा. ज्यांच्यासाठी काम चालले आहे त्यांना तुम्ही विचारता का? शिकवलेल्या मुलाला ते काम मिळते का? आणि मिळत नसेल, तर ते का मिळत नाही, याचा पाठपुरावा तुम्ही करता का? जोशींनी तिसरा प्रश्न स्वतःला विचारला, आणि रात्रशाळेतून ते कायदेमंडळापर्यंत गेले. बाबासाहेबांनी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्या माणसांना बरोबर घेऊन शोधली. एकाच परळमध्ये, हाकेच्या अंतरावर, हे दोन्ही मार्ग निघाले. ज्याला आज हे काम करायचे आहे, त्याला दोन्हींवरून थोडे थोडे चालावे लागेल.