वडवणी परिसरातील पाणी : रासायनिक गुणधर्म व जीवनाशी संबंध

बीड जिल्ह्यातील वडवणी हे तालुक्याचे ठिकाण बीड–परळी मार्गावर, बालाघाट डोंगररांगेच्या परिसरात आहे. तालुक्यातील कुंडलिका नदी सिंदफणेस मिळते आणि सिंदफणा मंजरथजवळ गोदावरीस मिळते. जिल्ह्याचे पर्जन्यमान बेताचे असून ते बेभरवशाचेही आहे. त्यामुळे पाणी किती आहे, हाच प्रश्न येथे नेहमी प्रथम विचारला जातो. पाणी कसे आहे, हा प्रश्न त्यामानाने उशिरा पुढे आला. परंतु या भागातील शेती, स्वयंपाक व आरोग्य यांचा इतिहास त्याच प्रश्नाशी निगडित आहे.

प्राचीन भारतीय विचारात ‘आप’ हे पंचमहाभूतांपैकी एक, म्हणजे मूलतत्त्वच, मानले जाई. यूरोपातही अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तशीच समजूत होती. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८१ च्या सुमारास ज्वालाग्राही वायू हवेत जाळून पाणी मिळविले. आंत्वान लव्हॉयझर यांनी १७८३ मध्ये पाणी हे संयुग असल्याचे प्रतिपादन केले. निकल्सन व कार्लाइल यांनी १८०० साली विद्युत् प्रवाहाने पाण्याचे विघटन केले आणि गे-ल्युसॅक व हंबोल्ट यांनी १८०५ मध्ये हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे घनफळी प्रमाण २ : १ असल्याचे निश्चित केले.

पाण्याचा रेणू कोनाकृती असतो. त्याच्या ऑक्सिजनाकडील बाजूस अंशतः ऋण व हायड्रोजनांकडील बाजूस अंशतः धन विद्युत् भार असतो. त्यामुळे शेजारचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांस धरून राहतात. त्याच कुळातील हायड्रोजन सल्फाइड –६०° से. लाच उकळते, तर पाणी १००° से. ला उकळते, याचे कारण हेच होय. ध्रुवीयतेमुळे लवणांचे आयन पाण्यात सहज सुटे होतात. म्हणूनच रक्त, वनस्पतिरस व विहिरीचे पाणी हे तिन्ही वस्तुतः विद्राव आहेत.

वडवणीची काळी माती या गुणधर्माचे उत्तम उदाहरण आहे. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट हे मृद्-खनिज विपुल असते. त्याच्या पातळ थरांमध्ये पाण्याचे रेणू शिरून बसतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात ते निघून गेले, की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात मुरलेल्या या ओलाव्यावरच रब्बीची ज्वारी जवळजवळ पावसावाचून उभी राहते. मात्र मातीतील सर्वच पाणी पिकाच्या वाट्यास येत नाही. कणांनी घट्ट धरलेले पाणी मुळांना ओढून घेता येत नाही. त्यामुळे माती स्पर्शास ओलसर असूनही पीक माना टाकते. ज्वारीच्या पानातून बाहेर पडणारा ऑक्सिजनही पाण्यातूनच येतो, हे रूबेन व केमन यांनी १९४१ मध्ये ऑक्सिजनाचा जड समस्थानिक वापरून दाखविले.

पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तेथील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून किंचित अम्लधर्मी बनते आणि बेसाल्टमधील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून त्यांची बायकार्बोनेटे घेऊन विहिरीत उतरते. असे पाणी दुष्फेन असते. गावातील बोलीत त्यास ‘जड’ वा ‘मचूळ’ पाणी म्हणतात. (रसायनशास्त्रातील जड पाणी, म्हणजे ड्यूटेरियम ऑक्साइड, हे अर्थातच निराळे.) अशा पाण्यात साबणाचा फेस न होता साका बनतो, रिठ्याचा फेस मात्र होतो, कारण त्यातील सॅपोनिने कॅल्शियमाबरोबर साबणासारखा साका करीत नाहीत. डाळ शिजत नाही, कारण कॅल्शियमाने तिच्यातील पेक्टिन घट्ट होते. चिमूटभर सोडा टाकण्याची घरगुती युक्ती येथे लागू पडते. पाणी तापविण्याच्या भांड्यात बसणारा पांढरा थर कॅल्शियम कार्बोनेटाचा असतो. कोणत्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते, हे ओळखणाऱ्या स्त्रियांनी पाण्याचे रासायनिक परीक्षण प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी केले होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

जुन्या काळी या जिल्ह्याची तहान आड, बारवा व नद्यांतील झरे यांवर भागत असे. बीड शहराजवळील खजाना बावडी ही सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात बांधली गेली. तिच्यात भूमिगत बोगद्यांतून पाणी येते व एका बोगद्याने ते शेतीकडे जाते. उतार आणि भूजल यांचे एवढे अचूक ज्ञान ज्यांना होते, त्यांच्याविषयी आपल्याला फार थोडे ठाऊक आहे.

पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्याच्या रीतीचा मोठा दोष म्हणजे नारू. फेडचेंको यांनी १८७० मध्ये या कृमीची वाढ सायक्लॉप्स या सूक्ष्म जलचरात होते, हे शोधून काढले. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत हा रोग होता. राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रमानंतर देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. यात विंधनविहिरी व हातपंप यांचा वाटा मोठा होता. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात विंधनविहिरींचा वेगाने प्रसार झाला. ‘इंडिया मार्क दोन’ या हातपंपामागे जालना व सोलापूर येथे घडलेल्या पंपांचा अनुभव होता, ही गोष्ट मराठवाड्याने विसरू नये.

परंतु खोल खडकातील पाणी जंतूंपासून बहुधा मुक्त असले, तरी ते खडकाच्या सान्निध्यात दीर्घकाळ राहिलेले असते व त्यात विरघळलेली द्रव्ये अधिक असू शकतात. आता धोका चवीस वा दृष्टीस न कळणारा झाला. भारतीय मानकानुसार (आय. एस. १०५००) पेयजलात फ्लुओराइड लिटरमागे १ मिग्रॅ. पर्यंत असावे व पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिग्रॅ. पर्यंत चालते, त्यापुढे दात व हाडे यांस अपाय होतो. नायट्रेटाची मर्यादा ४५ मिग्रॅ. आहे. नायट्रेट मुख्यतः खते, उकिरडे व सांडपाणी यांतून येते आणि तान्ह्या मुलाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटविते. पाणी उकळल्याने जंतू मरतात व तात्पुरता दुष्फेनपणाही जातो. नायट्रेट व फ्लुओराइड मात्र जात नाहीत, उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते.

दुष्काळात हा प्रश्न अधिक बिकट होतो. उथळ विहिरी आटल्या, की लोक अधिक खोल व अधिक लवणयुक्त पाण्याकडे वळतात आणि टँकरच्या पाण्याचा उगम कोणी विचारत नाही. २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अलीकडे गावोगावी जारमधून मिळणारे पाणी व्यस्त परासरणाने शुद्ध केलेले असते. त्या प्रक्रियेत लवणे वेगळी होतात, परंतु ती घेऊन जाणारा पाण्याचा बराच मोठा अंश टाकून द्यावा लागतो. तो बहुधा त्याच जमिनीत मुरतो.