गोदीतील स्फोट आणि रुईच्या गाठी

दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्याचे मूळ मुंबईच्या मशीद बंदरालगतच्या गोदीत आहे, हे नव्या पिढीतील थोड्यांनाच ठाऊक असेल.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज इंग्लंडातील बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा, शिवाय सोन्याच्या लगडी होत्या. कराचीस त्यात सुमारे ८,७०० रुईच्या गाठी, वंगणतेल, लाकूड, गंधक असा माल चढविण्यात आला. कप्तानांना हे पसंत नव्हते. परंतु युद्धकाळात जहाजातील जागा रिकामी ठेवण्यास कोण तयार होणार?

लोक दोष दारूगोळ्यास देतात. आम्हा कापडवाल्यांची नजर मात्र आधी गाठींकडे जाते. दाबून बांधलेली गाठ आतल्या आत धुमसत राहते. वरून कितीही पाणी मारा, ते गाभ्यापर्यंत लवकर पोहोचत नाही. १४ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास धूर लक्षात आला. बंबांनी शेकडो टन पाणी आत सोडले. त्या पाण्यावर जळत्या गाठी तरंगत वर सरकल्या, आणि वर स्फोटके होती! विझविण्याचे पाणीच आगीला दारूकडे नेत होते. स्फोटकांची खूण असलेले लाल निशाणही जहाजावर नव्हते. जहाज बुडवावे, बाहेर न्यावे की जागीच आग विझवावी, याचा निर्णय दोन तासांत कोणीही घेतला नाही. बंबवाले मात्र जागेवरून हटले नाहीत.

४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. ६६ अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. एकूण मृतांचा आकडा कोठे ८००, तर कोठे १,३०० दिला जातो. सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर धक्का नोंदला गेला. धान्याची गोदामे जळाली. युद्धकालीन निर्बंधांमुळे वृत्तपत्रांना मात्र मे महिन्यापर्यंत गप्प राहावे लागले.

व्यापाऱ्यांपुढे नुकसानभरपाईचा बिकट प्रश्न उभा राहिला. अखेर सरकारने १९४४ सालीच त्यासाठी खास अध्यादेश काढला. सोन्याची एक लगड सुमारे मैलभर उडून एका पारशी गृहस्थांच्या घरी पडली. त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली. बाकीच्या काही लगडी पुढे कित्येक वर्षे गोदीचा गाळ उपसताना सापडत राहिल्या.